पिवळी एकोणीस मिनिटं

वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी शिकाऊ झाले. आमच्या घरात आणखी एक शिकाऊ होती, माझी तीन वर्षांची मुलगी. ती तेव्हा बुटांचे पट्टे स्वतः लावायला शिकत होती. तिची प्रगती माझ्यापेक्षा बरी होती.

मी लागले होते ती संस्था धोरणांचा अभ्यास करायची. सरकारनं काय करावं हे ती ठरवायची नाही. काय करावं याचा फक्त विचार करायची, आणि विचार झाला की तो स्पायरल बांधणीत बांधून खात्याला पाठवायची. हे सासूबाईंना फोनवर समजावणं म्हणजे स्वतंत्र प्रकल्प होता.

"अगं, पण तिथं तू नेमकं करतेस काय?"

"विचार करतो आई आम्ही. प्रश्नांचा."

"आणि मग?"

"मग लिहून देतो."

"कुणाला?"

"ज्यांच्याकडे प्रश्न असतात त्यांना."

"आणि त्याचं काही देतात?"

"मानधन आहे थोडंसं."

"चाळीस वर्षं मी या घराचा विचार करतेय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मानधनाचं विचार जमल्यास."

मला मात्र ही जागा हवी होती. तीन वर्षं मी घरात एकाच व्यक्तीशी बोलत होते आणि ती व्यक्ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी "का?" म्हणायची. इथेही तेच करतात असं ऐकलं होतं, पण खुर्चीत बसून.

सगळं अडलं होतं ते पाळणाघरावर. नवरा रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत दुपारच्या पाळीला. सकाळभर मुलगी त्याच्याकडे, दीडला तो तिला पाळणाघरात सोडणार, संध्याकाळी मी आणणार. पाळणाघर सहाला बंद. सहा वाजून गेले की पाळणाघरच्या ताई उशिराच्या वहीत पालकाचं नाव लिहीत. तीनदा नाव आलं की मुलाची जागा गेली, आणि प्रतीक्षायादीतलं पहिलं मूल आत. यादीत त्रेचाळीस मुलं होती. त्यातली काही अजून जन्मायची होती.

माझं नाव पहिल्याच आठवड्यात एकदा आलं. बस चुकली होती.

ताई वाईट नव्हत्या, पण त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती, कारण त्या सगळं वाचायच्या. सगळं म्हणजे छापलेलं जे काही समोर येईल ते. पहिल्या दिवशी त्यांनी मुलीच्या बनियनची शिवणीतली पट्टी उलटून वाचली आणि बनियन परत पाठवला. "यावर लिहिलंय, आगीपासून दूर ठेवा. आमच्याकडे स्वयंपाकघर आहे." खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातला तो घडीघडीचा कागद त्यांनी उलगडून माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचला. "क्वचित झोप येते, असं म्हणतायत. क्वचित म्हणजे किती?" मुलीला त्यांनीच भिंगरी हे नाव पाडलं, कारण दुपारी सगळी मुलं झोपली तरी ही गादीभोवती गोल फिरत राहायची. "भिंगरीची आई," त्या मला म्हणायच्या, "ही झोपत नाही म्हणून माझं वाचन मागे पडतं."

संस्थेत माझी जागा कपाटाशेजारी होती आणि कपाटाच्या मागे तळटीपबाई बसायच्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असणार. बावीस वर्षं त्या प्रत्येक अहवालाच्या तळटीपा तपासत होत्या. ओळीखाली फूटपट्टी ठेवायची, ओळ वाचायची, फूटपट्टी एक ओळ खाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "बावीस वर्षांत माझी एकही तळटीप कुणी वाचलेली नाही."

"असं कसं? कुणीतरी वाचतच असेल."

"आठव्या वर्षी मी एका तळटीपेत लिहिलं होतं, हे वाचणाऱ्यानं मला फोन करावा, चहा पाजीन. खाली नंबर दिला होता."

"मग?"

"तो फोन आता बंद करून टाकला. भाडं भरत होते उगाच."

आणि होते आमचे संचालक. कुठलाही प्रश्न नेला की ते मान तिरकी करून म्हणायचे, "व्यापक बघा." त्यामुळे त्यांच्यामागे सगळे त्यांना व्यापक सर म्हणायचे. माणूस सज्जन, पण चहाचा कप नेहमी टेबलाच्या अगदी कडेला ठेवणारा. घरात तीन वर्षांचं मूल असलेल्या बाईनं असा कप बघून गप्प बसणं अशक्य. पहिल्या बैठकीत ते दारिद्र्यावर बोलत असताना माझा हात आपोआप पुढे गेला आणि कप मधे सरकवून परत आला. तोंडातून "पडेल हं" निघालं ते वेगळंच. सगळे कपाकडे बघायला लागले. सर मात्र नंतर म्हणाले म्हणे, "या नव्या बाईंकडे दूरदृष्टी आहे." तेव्हापासून मला प्रत्येक बैठकीला त्यांच्या डाव्या हाताला बसवायला लागले. इथं माझी जी काही कारकीर्द झाली ती त्या कपावर.

संस्थेची एक पद्धत होती. लिहिताना एखादा आकडा माहीत नसला तर काम थांबवायचं नाही. मनाला येईल तो आकडा घालायचा आणि त्याला पिवळा रंग द्यायचा. पिवळा म्हणजे खोटा, नंतर खरा मिळाला की बदलायचा. "पिवळं करून पुढे चला," सर म्हणायचे. काही अहवालांचे पहिले खर्डे कावीळ झाल्यासारखे असत. लोकांच्या बोलण्यातही ते उतरलं होतं. "सुट्टी कधी घेणार?" "पुढच्या महिन्यात, पण पिवळं आहे अजून."

मला पहिला मोठा अहवाल मिळाला त्याचा विषय होता नोकरी करणाऱ्या पालकांचा वेळ. सर म्हणाले, "तुम्ही स्वतः आई आहात. म्हणजे प्राथमिक स्रोत आपल्या इमारतीतच बसलाय." त्या अहवालाची बैठक पाच वाजता लागली आणि माता मुलांना वेळ का देऊ शकत नाहीत यावर जवळजवळ सहापर्यंत चालली. मी पाळणाघरात पोचले सहा वाजून एकोणीस मिनिटांनी. भिंगरी फाटकात बूट उलटे घालून बसली होती. ताईंनी वही उघडली.

"भिंगरीची आई. दुसरी वेळ. एकोणीस मिनिटं."

"ताई, बैठक होती हो."

"कसली?"

मी सांगितलं नाही. काही गोष्टी बोलल्यावर जास्त वाईट दिसतात.

दुसऱ्या दिवशी अहवालात वाक्य आलं: पालक पाळणाघरात सरासरी इतकी मिनिटं उशिरा पोचतात. किती? कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात रात्रभर एकच आकडा कुरतडत होता, तो मी घातला. एकोणीस. घातला आणि पिवळा केला.

आणि त्याच संध्याकाळी, पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी, सर दारात आले. "खात्यात चाललोय, अहवालाची प्रत द्या."

"सर, अजून पिवळं आहे त्यात."

"पिवळं दिसेलच त्यांना. द्या."

मला बस पकडायची होती. मी छापायचं बटण दाबलं आणि पर्स उचलली. यंत्रातली रंगीत शाई दोन महिन्यांपूर्वी संपली होती. नवी मागवली नव्हती, कारण काटकसरीवरच्या आमच्याच एका अहवालात रंगीत छपाई बंद करावी असं म्हटलं होतं. कागद बाहेर आले ते काळेपांढरे. पिवळा रंग कागदावर उमटलाच नाही. एकोणीस इतर सगळ्या आकड्यांसारखाच काळा, सरळ, अब्रूदार दिसत होता.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये होते आणि एक पाय दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीत होता.

दोन आठवडे काहीच झालं नाही. मग सासूबाईंचा फोन आला.

"पेपरात आलंय तुमच्या विचारवाल्यांचं. आया म्हणे एकोणीस मिनिटं उशिरा येतात. कोण गं या एवढ्या बेफिकीर?"

"सरासरी आहे आई ती. तशी खरी बाई कुठं नसते."

"खरी नाही तर छापली कशाला?"

 

पुढल्या आठवड्यात खात्याचा निर्णय आला. सर तो हातात नाचवत आले, कारण संस्थेच्या इतिहासात आमची शिफारस पहिल्यांदाच कुणी मनावर घेतली होती. निर्णय असा: ज्या अर्थी पालक सरासरी एकोणीस मिनिटं उशिरा पोचतात, त्या अर्थी सर्व पाळणाघरं सहाऐवजी पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी बंद करावीत, जेणेकरून एकोणीस मिनिटं उशिरा आलेला पालक बरोबर सहाला पोचेल.

मी ते तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी ते आणखी बिनचूक वाटायला लागलं, म्हणून वाचणं थांबवलं.

ऑफिस सुटायचं साडेपाचला. पाळणाघरापर्यंत बस धरून बावीस मिनिटं. म्हणजे इथून पुढे मी घड्याळाच्या काट्यावर उठले तरी पोचणार पाच बावन्नला. अकरा मिनिटं उशिरा, रोज. आणि माझ्याकडे एकच वेळ शिल्लक होती. नियम पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारपासून लागू व्हायचा होता. म्हणजे त्या सोमवारी भिंगरीची जागा जाणार आणि मंगळवारी मी घरी. सगळं माझ्याच हातचं.

मी सरांच्या खोलीत गेले.

"सर, तो आकडा पिवळा होता."

"कुठला?"

"एकोणीस."

त्यांनी अहवाल उघडून डोळ्यांजवळ धरला. "छान काळा आहे की."

"रंगीत शाई नव्हती म्हणून. सर, तो माझा आकडा आहे. मी एकदा एकोणीस मिनिटं उशिरा गेले होते, तोच घातला तात्पुरता."

सर विचारात पडले. मला वाटलं, आता रागावतील. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "क्षेत्रीय पाहणी झालेली आहे."

"एका आईची, सर!"

"नमुना लहान आहे. पण सखोल आहे." मग त्यांनी खणातून तीन अहवाल काढले, तीन वेगवेगळ्या संस्थांचे. "हे बघा. तिघांनीही एकोणीसच दिलाय."

"त्यांनी आपल्याकडूनच उचललाय."

"म्हणजे एकमत आहे," सर म्हणाले. आणि मान तिरकी करून, "तुम्ही जरा व्यापक बघा."

मी त्यांचा कप मधे सरकवला आणि बाहेर आले.

तळटीपबाईंनी कपाटामागून सगळं ऐकलं होतं. भिंतींपेक्षा आमची कपाटं पातळ. "ये इकडे," त्या म्हणाल्या. "रडू नको, कागद भिजेल. आकडा मागे घ्यायचा तर त्याच्या जागी दुसरा द्यावा लागतो. त्याला पाहणी हवी. पाहणीला दोन वर्षं."

"तोवर माझी मुलगी शाळेत जाईल."

"मग सुटलाच की प्रश्न. आमचे बरेच प्रश्न असेच सुटतात." त्यांनी फूटपट्टी एक ओळ खाली सरकवली. "खात्यानं पाळणाघरांसाठी नियमांची पुस्तिका मागवलीय ना? कोण टाइप करतंय?"

"मीच."

"हं. वर काही घालू नको. वरचं सर वाचतात, खातंही मधूनमधून वाचतं." आणि त्या पुन्हा वाचायला लागल्या. "खाली जागा पुष्कळ असते."

पुस्तिका चव्वेचाळीस पानांची झाली. बेचाळिसाव्या पानावर उशिराच्या नोंदीचा नियम होता. त्याच्या खाली, सातवी तळटीप म्हणून, मी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं: सरासरीच्या मर्यादेतील, म्हणजे एकोणीस मिनिटांपर्यंतचा उशीर हा पालकांचा नैसर्गिक उशीर समजावा, त्याची नोंद करू नये.

लिहून झाल्यावर कागदाच्या कोपऱ्यात बेरीज केली. पाच एकेचाळीस अधिक एकोणीस. सहा. एक खातं, चार संस्था आणि दोन महिने खर्चून आम्ही सहा वाजताचे परत सहाच केले होते. मला इतकं हसू आलं की पाण्याची बाटली तोंडाला लावून बसावं लागलं.

तळटीपबाईंची फूटपट्टी सातव्या तळटीपेवर थांबली. थांबून राहिली.

"स्रोत?"

"व्यक्तिगत संवाद."

"कुणाचा कुणाशी?"

"माझा माझ्याशी. बसमध्ये."

त्यांनी पेन्सिलीनं नीटनेटकं लिहिलं: व्यक्तिगत संवाद, प्रवासात. मग फूटपट्टी खाली सरकली. सरांनी सही केली, खात्यानं शिक्का मारला, आणि तळटीप न वाचता दोघांच्याही हातून गेली. बाईंचं बावीस वर्षांचं दुःख त्या दिवशी माझ्या उपयोगी पडलं, याची मला थोडी लाज वाटली.

पण मग नवीन काळजी. जी तळटीप कुणी वाचत नाही ती मला वाचवणार कशी? ताई सोडून या जगात ती वाचणारं कुणी नव्हतं. नियम लागू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी आणायला गेले तेव्हा पुस्तिका त्यांच्या टेबलावर होती, त्यात लोकरीचा धागा खूण म्हणून.

"वाचताय का ताई?"

"वाचतेय. मुलं झोपली की वाचते. एकतिसाव्या पानावर आहे."

"ताई, ते बेचाळिसावं पान तेवढं..."

त्यांनी हात वर केला. "पुढचं सांगायचं नाही. मी क्रमानं वाचते."

"नाही, फक्त खालची..."

"भिंगरीची आई! कुणी शेवट आधी सांगितला की माझा त्या पुस्तकावरचा विश्वासच उडतो."

शनिवार-रविवार पाळणाघर बंद, आणि कामाचं ताई घरी वाचत नसत. म्हणजे उरली सोमवारची दुपार. अकरा पानं. मुलं झोपली तर वाचून होणार, नाही झोपली तर नाही. आणि न झोपणारं मूल सबंध पाळणाघरात एकच होतं.

सोमवारी सकाळी मी नवऱ्याला सांगितलं, "हिला आज दमव."

"म्हणजे?"

"म्हणजे पळव, चढव, उतरव, काहीही कर. दोनला गाढ झोपली पाहिजे."

"अगं, तुझं धोरण काय आहे ते तरी सांग."

"तुझी मुलगी झोपण्यावर देशाचं धोरण अवलंबून आहे. एवढंच समज."

त्यानं माझ्याकडे बघितलं. लग्नाच्या सहा वर्षांत तो एक शिकलाय, असा चेहरा दिसला की पुढचं विचारायचं नाही. मी निघाले तेव्हा बापलेक जिन्यात होते, ती वर पळत होती आणि तो मागून, "आणि आता खाली!" म्हणत होता. त्यालाच दम जास्त लागलेला.

सोमवारी नव्या नियमाच्या शुभारंभाची बैठक होती, चार वाजता. खात्याचे उपसचिव आले होते. मी आधीच सरांना सांगून ठेवलं होतं की सव्वापाचला निघणार. "अर्थात," सर म्हणाले होते. "आपण आज तेच तर साजरं करतोय."

पाच वाजता उपसचिव बोलायला उभे राहिले. पाच दहाला ते पाणी प्याले आणि पहिल्यापासून परत सुरू झाले. सव्वापाचला मी पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला. तेवढ्यात सर उठले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "आमच्या या सहकारी स्वतः आई आहेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असताना आईला उठून जाता येत नाही. पाच बावीस. पाच सव्वीस. सर मातेच्या एका मिनिटाचं राष्ट्रीय मूल्य काढत होते. मी माझी मिनिटं जाताना बघत होते आणि समोर चहाचा कप टेबलाच्या कडेला, अर्धा हवेत.

पाच छत्तीसला मी उभी राहिले. कप मधे सरकवला.

"सर, निघते."

"अहो, आपण तुमच्याबद्दलच बोलतोय."

"तुम्ही बोला. मी पोचते."

दारातून बाहेर पडताना उपसचिवांचा आवाज आला, "बघा, किती ही धावपळ. याच्यावर अभ्यास व्हायला हवा."

बसमध्ये मी उभ्यानं पाठ करत होते. ताई, पान बेचाळीस, तळटीप सात. ताई, पान बेचाळीस, तळटीप सात. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघून स्वतःची पर्स पोटाशी धरली. नसेल वाचलं तर? नसेल वाचलं तर मी पान उघडून दाखवणार, मग विश्वास उडो नाहीतर राहो. आणि त्यांनी विचारलं, हे लिहिलंय कुणी, तर? चोरानं स्वतःच न्यायाधीश व्हावं तसं झालं असतं ते. उतरले ती पळतच सुटले. एका चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेतली.

फाटकाशी रांग होती. दहा-बारा पालक, सगळ्यांचे चेहरे निकाल लागायच्या आधीसारखे. दारात ताई उभ्या, एका हातात उशिराची वही, दुसऱ्या हातात पुस्तिका, आणि लोकरीचा धागा कुठल्या पानात आहे ते मला दिसेना.

पहिला बाप म्हणाला, "ताई, मी पाच एकोणपन्नासला पोचलोय, अजून इथंच उभाय..."

"थांबा. सगळे जमू देत. एकदाच वाचणार आहे, घसा माझा आहे."

मी रांगेच्या शेवटी उभी राहिले. धाप लागली होती, चप्पल हातात. ताईंनी घड्याळ बघितलं. "भिंगरीची आई, पाच अठ्ठावन्न. सतरा मिनिटं."

"ताई, पान..."

"श्श."

त्यांनी चष्मा वर केला, पुस्तिका नाकाजवळ आणली आणि मोठ्यानं, हजेरी घ्यावी तसं वाचलं. "पान बेचाळीस. तळटीप सात. सरासरीच्या मर्यादेतील, म्हणजे एकोणीस मिनिटांपर्यंतचा उशीर हा पालकांचा नैसर्गिक उशीर समजावा. त्याची नोंद करू नये. व्यक्तिगत संवाद, प्रवासात." पुस्तिका मिटली. "नियम म्हणजे नियम. आठ मिनिटं, नैसर्गिक. आत या. नऊ, नैसर्गिक. बारा, नैसर्गिक."

रांग सरकायला लागली. एक बाई रडत होती, एक हसत होती. बहुतेक दोघींचं कारण तेच. माझी पाळी आली.

"सतरा. नैसर्गिक." ताई वाकून हळूच म्हणाल्या, "आज काय खायला घातलंत हिला? आडवी झाली ती दोन तास हललीच नाही. मी चव्वेचाळीस पानं संपवून मागचं कव्हरसुद्धा वाचलं."

भिंगरी आतून आली. बूट बरोबर पायांत, पट्टे लावलेले, दोन्ही स्वतः. मी खाली बसून तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, तुझी चप्पल टोचतेय."

तेवढ्यात धावत एक बाप आला. ताईंनी घड्याळ बघितलं. "सहा एक. वीस मिनिटं. उशीर."

"ताई, एका मिनिटानं काय होतं?"

"एका मिनिटानंच होतं. नाहीतर कशानं होणार?" आणि त्यांनी वही उघडली. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो, आणि एकही जण मधे पडला नाही. मीसुद्धा नाही. तो आकडा मी बावीसही लिहू शकले असते, हे मला तेव्हाच सुचलं आणि मी ते लगेच विसरले.

मंगळवारी सकाळी सर खुशीत होते. खात्याकडे तोवर एकच वही पोचली होती, आमच्या ताईंची, आणि तिच्यावरून पालकांचा उशीर सगळीकडे जवळजवळ शून्यावर आल्याचं खात्यानं कळवलं होतं, आणि पुढचा अहवाल त्या यशाचाच होता. माझी मुदत सहा महिन्यांनी वाढवत असल्याचं त्यांनी जाता जाता सांगितलं. "पिवळं नाही ना सर?" मी विचारलं. "नाही नाही," ते म्हणाले, "अगदी काळं."

मी कपाटामागे गेले. तळटीपबाईंची फूटपट्टी कुठल्याशा ओळीखाली होती.

"बाई, वाचली."

"काय वाचली?"

"सातवी तळटीप. कुणीतरी वाचली."

फूटपट्टी थांबली. "कुणी?"

"माझ्या मुलीच्या पाळणाघरच्या ताईंनी."

"पूर्ण?"

"पूर्ण. स्रोतासकट. मोठ्यानं, बारा माणसांसमोर."

तळटीपबाईंनी चष्मा काढला आणि साडीच्या पदरानं बराच वेळ पुसला, स्वच्छ होता तरी. मी इकडेतिकडे बघितलं, अशा वेळेला बघतात तसं.

"उभ्यानं वाचली की बसून?"

"उभ्यानं. फाटकात."

"आणि उजेड?"

"होता, पण संध्याकाळचा."

त्या विचारात पडल्या. मग चष्मा लावला, समोरचा नवा खर्डा ओढला आणि पेन्सिल उचलली.

"मग इथून पुढे अक्षर थोडं मोठं ठेवू," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना विचारून ये, चहा किती वाजता घेतात."